डफरिन ते चाणक्य : शिक्षण मिळाले, कायदा मागे राहिला

मुंबई बंदरात माझगावसमोर नांगरलेल्या ‘डफरिन’ या जहाजावर १९२७ च्या डिसेंबरात हिंदी मुलांची पहिली तुकडी दाखल झाली. जहाज जुने होते. १९०४ साली इंग्लंडमध्ये बांधलेले, ‘रॉयल इंडियन मरीन’चे सैन्य वाहून नेणारे. आता त्यावर व्यापारी जहाजांचे अधिकारी घडवायचे होते. १९७२ मध्ये डफरिनची जागा ‘राजेंद्र’ने घेतली. १९९३ मध्ये राजेंद्रचे काम नवी मुंबईत करावे-नेरूळ येथे जमिनीवर उभारलेल्या ‘चाणक्य’कडे आले, आणि २००८ मध्ये चाणक्य भारतीय सागरी विद्यापीठात विलीन झाली. संस्थेचा हा वंशवृक्ष कोणत्याही माहितीपत्रकात सापडतो. त्यात न सापडणारी गोष्ट अशी की, ही संस्था एका दुहेरी मागणीतून जन्मली आणि त्या मागणीचा अर्धाच भाग मान्य झाला. देशाला अधिकारी घडवणारी शाळा हवी होती, आणि त्या अधिकाऱ्यांना काम देणारा कायदाही हवा होता. शाळा मिळाली, कायदा नाकारला गेला. या नकाराची छाया आपल्या सागरी शिक्षणावर अजून आहे, असे माझे म्हणणे आहे. जहाज चालवणे आपण उत्तम शिकवले. जहाज ज्या नियमांवर चालते ते नियम वाचणे, त्यांवर वाद घालणे आणि ते घडवणे मात्र आपण शिक्षणाच्या कडेला ठेवले.

याचा पुरावा संस्थेच्या जन्मकथेतच आहे. १९२२ मध्ये पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी केंद्रीय विधिमंडळात हिंदी व्यापारी नौदलाचा प्रश्न मांडला. पुढच्या वर्षी सरकारने कॅप्टन एडवर्ड हेडलम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९२४ मध्ये तिचा अहवाल आला. हिंदी मुलांसाठी मुंबईत प्रशिक्षणनौका ठेवावी, ही त्यातली एक शिफारस होती. किनाऱ्यावरचा व्यापार परवाना पद्धतीने टप्प्याटप्प्याने हिंदी मालकीच्या जहाजांकडे सोपवावा, ही दुसरी. एकीशिवाय दुसरीला अर्थ नव्हता, कारण अधिकारी शिकून बाहेर पडले तरी त्यांना घेणारी जहाजे बहुतांशी ब्रिटिश कंपन्यांचीच होती. सरकारने पहिली शिफारस उचलली आणि दुसरी फाइलीत ठेवली. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी किनारी वाहतूक राखून ठेवण्याचे विधेयक विधिमंडळात आणले, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा अडवला गेला. १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया कायद्यात तर ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करणारा कायदा हिंदी विधिमंडळांना करता येऊ नये अशी कलमेच घालण्यात आली. डफरिनवर मुले होकायंत्र आणि नकाशे शिकत होती त्याच काळात, ती ज्या किनाऱ्यावर काम करणार त्याविषयी कायदा करण्याचा अधिकार त्यांच्या देशाकडून काढून घेतला जात होता.

यावर एक आक्षेप तेव्हा घेतला जाई आणि आजही अभ्यासक घेतात. किनारी व्यापार राखून ठेवला असता तर स्पर्धा संपून भाडे वाढले असते आणि भुर्दंड शेतकऱ्याला व व्यापाऱ्याला बसला असता, असा तो आक्षेप. त्यात तथ्य असायला मुळात खुली स्पर्धा असायला हवी होती, आणि ती नव्हती. मोठ्या ब्रिटिश कंपन्या ‘डिफर्ड रिबेट’ देत. व्यापाऱ्याने ठरावीक काळ सगळा माल त्यांच्याच जहाजांतून पाठवला तर भाड्याचा काही भाग नंतर परत मिळे. मधे एखाद्या हिंदी कंपनीचे जहाज घेतले की साठलेली सूट बुडे. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी १९१९ मध्ये निघाली. त्याच वर्षी ५ एप्रिलला तिचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले, आणि हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण भाडेयुद्धाने जेरीस आलेल्या या कंपनीला १९२३ मध्ये प्रतिस्पर्ध्यांशी दहा वर्षांचा करार करून आपली जहाजक्षमता मर्यादित ठेवण्याचे बंधन पत्करावे लागले. कंपनीच्या उभारणीत नरोत्तम मोरारजींबरोबर वालचंद हिराचंद होते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांनी दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवले. साखर आणि जहाज हे दोन्ही उद्योग एकाच माणसाने हाताळले, आणि दोन्हींत त्यांना सरकारी धोरणाशी झगडावे लागले. उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला हा धागा परका वाटू नये.

डफरिनचे श्रेय यामुळे कमी होत नाही. पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी पुढे १९५८ मध्ये भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. व्यापारी जहाजांवरचे कप्तान, बंदरांचे अधिकारी, सर्वेक्षक अशा स्वतंत्र भारताच्या जहाजउद्योगातील कितीतरी जबाबदार जागा याच नौकेवर शिकलेल्यांनी सांभाळल्या. हिंदी माणूस जहाजाचे नेतृत्व करू शकत नाही, हा समज या मुलांनी कामाने मोडून काढला. परवान्याचा कायदा झाला नाही तरी शाळेने माणसे तयार ठेवली, म्हणून १९४७ नंतर किनारी वाहतूक भारतीय जहाजांकडे येऊ शकली, असे म्हणणाऱ्याशी मी सहमत आहे. पण हेच उदाहरण माझ्या बाजूनेही बोलते. तयार माणसे वीस वर्षे होतीच. त्यांना किनारा मोकळा झाला तो धोरण बदलल्यावर. १९४७ मध्ये सी. पी. रामस्वामी अय्यर समितीने किनारी व्यापार शंभर टक्के भारतीय जहाजांनी करावा असे लक्ष्य ठेवले, आणि १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने परदेशी जहाजाला किनारी व्यापारासाठी परवाना सक्तीचा केला. हेडलम समितीने सुचवलेला परवाना कायद्याच्या पुस्तकात यायला चौतीस वर्षे लागली.

अधिकाऱ्यांच्या या इतिहासात खलाशाचे स्थान कुठे, हा प्रश्न मराठी लेखकाला टाळता येणार नाही. डफरिन सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून रत्नागिरी-रायगडच्या गावांतले तरुण ब्रिटिश जहाजांवर काम करत होते. सारंग, तांडेल, खलाशी, भट्टीपुढे कोळसा ओढणारे, सगळे. त्यांच्या नोकरीचा करार इंग्रजीत असे. अटी गोऱ्या खलाशांपेक्षा वेगळ्या, पगार त्यांच्या तुलनेत फारच कमी, आणि भरती दलालांच्या हातात. त्यांच्यासाठी डफरिन नव्हती. त्यांच्या बाजूने कायद्याचा अभ्यास झाला तो पुण्यात गोखल्यांनी स्थापन केलेल्या ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’च्या माणसांकडून. ना. म. जोशी यांनी विधिमंडळात आणि आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेत कामगारांचे प्रश्न लावून धरले. मुंबईत खलाशांची संघटना बांधणारे दिनकर देसाई कन्नडमध्ये कवी म्हणून ओळखले जातात. त्यांनी १९४० मध्ये भारतातील सागरी कामगारांवर एक स्वतंत्र इंग्रजी ग्रंथच लिहिला. सागरी धोरणाचे खरे शिक्षण त्या काळात जहाजावरच्या शाळेपेक्षा संघटनेच्या कचेरीत अधिक झाले, असे म्हणावेसे वाटते. जहाज विकून कर्ज फेडायची वेळ आली तर खलाशाचा थकलेला पगार इतर बहुतेक देण्यांच्या आधी द्यायचा, हे तत्त्व २०१७ च्या नौकाधिकारिता (ॲडमिरल्टी) कायद्यात स्पष्ट लिहिले गेले. ते ठाऊक असलेला खलाशी आणि ठाऊक नसलेला खलाशी यांच्या घरच्या परिस्थितीत फरक पडतो.

स्वातंत्र्यानंतर सागरी शिक्षणाचा विस्तार वेगाने झाला. १९४८ मध्ये मुंबईत नॉटिकल अँड इंजिनीअरिंग कॉलेज निघाले. समुद्रावर नोकरी केलेल्यांना मेट, मास्टर आणि इंजिनीअरच्या वरच्या परीक्षांची तयारी करून देणारी ही संस्था पुढे लालबहादूर शास्त्रींच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याआधी अशा परीक्षांसाठी अनेकांना इंग्लंड गाठावे लागे. १९४९ मध्ये जहाज महासंचालनालय मुंबईत आले, म्हणजे नियम करणारे कार्यालय आणि नियम शिकवणारे कॉलेज एकाच शहरात आले. धोरणशिक्षणाला याहून सोयीची जागा देशात दुसरी नव्हती. तरीही अभ्यासक्रमात कायदा परीक्षेच्या एका विषयापुरताच राहिला. कोणते प्रमाणपत्र जहाजावर असावे, कोणत्या नोंदी लॉगबुकात कराव्यात, अपघात झाल्यावर कुणाला कळवावे हे विद्यार्थी शिकत आणि शिकतात. ते आवश्यकच आहे. पण हा नियम असा का आहे, तो करताना कुणाचे हित पाहिले गेले, तो बदलायचा तर कुठे आणि कसे बोलायचे, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत येत नाही.

अधिकाऱ्याने जहाज चालवावे, कायदा वकिलाने पाहावा, असे यावर कोणी म्हणेल. जहाजाचा धंदा ज्याने जवळून पाहिला आहे त्याला हे पटणार नाही, कारण कायद्याची पहिली कागदपत्रे वकिलाच्या टेबलावर जन्मत नाहीत. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजात चढवलेल्या मालाच्या पावतीवर, सही कप्तानाची किंवा त्याच्या वतीने एजंटाची असते. मालाची पोती ओली दिसली तर तसा शेरा मारायचा की नाही, हे त्या क्षणी त्याला ठरवायचे असते, आणि पुढची दहा वर्षे चालणारा दावा त्या एका शेऱ्यावर उभा राहतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. कंटेनर समुद्रात पडले, तेल किनाऱ्यापर्यंत आले, बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. अशा वेळी बंदर अधिकारी, तटरक्षक दल, प्रदूषण मंडळ, मत्स्य विभाग, जिल्हाधिकारी आणि विमा कंपनी यांपैकी प्रत्येकाला आपल्या अधिकाराची हद्द त्याच तासाला माहीत असावी लागते. नुकसान मोजायचे कसे, पुरावा जपायचा कसा, मासेमारी बंद राहिलेल्या कोळ्याचा दावा कोणी आणि कुठे दाखल करायचा, हे वकील आठवड्याने सांगेल. तोपर्यंत जहाज बंदर सोडून गेलेले असते.

न्यायालयाच्या बाजूने पाहिले तर सागरी कायद्यातला आपला मागासलेपणा अधिक ठळक दिसतो. गोव्यातल्या एका व्यापारी कंपनीचा माल घेऊन ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ हे परदेशी जहाज १९८४ मध्ये मार्मागोवा बंदरातून बिल ऑफ लेडिंग न देताच निघून गेले आणि कंपनीच्या सूचनेविरुद्ध माल ग्राहकाच्या ताब्यात दिला. पुढे ते विशाखापट्टणमला आले तेव्हा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने अडवले गेले. वाद असा पडला की, भारतातून बाहेर जाणाऱ्या मालाबाबत असे जहाज अडवण्याचा अधिकार या न्यायालयाला आहे का. कारण तोपर्यंत आपली नौकाधिकारिता १८६१ च्या इंग्लंडच्या कायद्यावर आणि त्याच्या वसाहतींसाठी केलेल्या १८९० च्या पुरवणीवर चालत होती, आणि त्या जुन्या कायद्यात बोलणे होते ते बंदरात आणलेल्या मालाविषयी. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये अधिकार आहे असा निर्णय दिला आणि संसदेने स्वतंत्र कायदा करावा अशी अपेक्षा व्यक्त केली. तो कायदा २०१७ मध्ये झाला व १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. न्यायालयाने वाट दाखवल्यावरही पंचवीस वर्षे. या विलंबाची कारणे अनेक असतील, पण हा विषय जाणणारी आणि त्यासाठी पाठपुरावा करणारी माणसे आपण पुरेशी तयार केली नव्हती, हे त्यातले एक मोठे कारण मला दिसते. १६८४ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीने ज्या मुंबईत नौकान्यायालय बसवले आणि जिथे १८५५ पासून सरकारी विधी महाविद्यालय आहे, त्या शहराने या कामात पुढाकार घ्यायला हवा होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सागरी कायदा मुळातच आंतरराष्ट्रीय, त्याचे उच्च शिक्षण स्वीडनमधल्या माल्मो येथील जागतिक सागरी विद्यापीठात आणि माल्टातील आंतरराष्ट्रीय सागरी विधी संस्थेत उत्तम होते, मग इथे वेगळा खटाटोप कशाला? या दोन्ही संस्थांमागे चंद्रिकाप्रसाद श्रीवास्तव यांची दृष्टी आहे, हे अभिमानाने नोंदवले पाहिजे. मुंबईत मुख्यालय असलेल्या शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे ते पहिले प्रमुख, आणि १९७४ ते १९८९ या काळात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे महासचिव. विकसनशील देशांकडे जहाजे आहेत, खलाशी आहेत, पण परिषदेत मसुदा वाचून उत्तर देणारे लोक नाहीत, ही उणीव त्यांनी जगाच्या व्यासपीठावर ओळखली. म्हणून १९८३ मध्ये माल्मोचे विद्यापीठ सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस माल्टाची संस्था. माल्टाच्या संस्थेत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्याचा नियमही आहे. पण माल्मो आणि माल्टा मूठभर लोकांसाठी आहेत आणि बहुधा सरकारांनी पाठवलेल्यांसाठी. बारा सागरी मैलांच्या आतली मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्राचा त्यासंबंधीचा कायदा १९८१ चा. पर्ससीन जाळ्यांवरून सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक बोटींचे मालक समोरासमोर येतात तेव्हा तोडगा काढणारा परवाना अधिकारी माल्मोहून येणार नाही. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्याचा खर्च ७६,२२० कोटी रुपये धरला आहे आणि स्थानिक मच्छीमारांचा विरोध जुना आहे. तिथल्या सुनावणीत दोन्ही बाजूंना कागद वाचता यावा, आपल्या भाषेत मांडता यावा, इतके शिक्षण राज्यातच मिळायला हवे.

राहिला समुद्रापासून दूर असण्याचा प्रश्न. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या खुटबावच्या माणसाने याची उठाठेव का करावी? पुणे जिल्ह्याने याचे उत्तर कृतीने आधीच दिले आहे. तळेगावजवळ इंदुरी येथे १९९८ पासून तोलाणी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे. खुटबावच्याच लोहमार्गावर पुण्याकडे जाताना लागणाऱ्या लोणी काळभोरला एमआयटीची सागरी अभियांत्रिकी शिकवणारी ‘मॅनेट’ आहे. समुद्र न दिसणाऱ्या जिल्ह्यात जहाजाचे अधिकारी तयार होतात, यात आता कुणाला नवल वाटत नाही. तर मग जहाजाचा कायदा जाणणारे का होऊ नयेत? त्याला तर इंजिनही लागत नाही. शिवाय हा कायदा इथल्या शेतापर्यंत येऊन पोचलेला आहे. दौंड-शिरूरची साखर किंवा कांदा न्हावाशेवाहून कंटेनरमधून बाहेर जातो तेव्हा उत्पादकाच्या आणि परदेशी ग्राहकाच्या मधे बिल ऑफ लेडिंग, मालवाहतुकीचा कायदा आणि विमा हे तिघे उभे असतात. निर्यातबंदीची अधिसूचना निघाली त्या रात्री बंदरात पोचलेला माल कुणाच्या जोखमीवर, जहाज उशिरा लागले तर विलंबशुल्क कोणी भरायचे, कंटेनर उघडल्यावर कांदा नासलेला निघाला तर दावा किती मुदतीत करायचा, हे प्रश्न शेतकरी उत्पादक कंपनीच्या कचेरीत येतात. ते सोडवायला मुंबईचा महागडा वकील गाठण्याआधी तालुक्यात एखादा जाणकार असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मराठीत या विषयाला परंपराच नाही असेही समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराची राज्यातली जागा, व्यापारी तरांडी, आणि जहाजाच्या लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या संमतीशिवाय व मोबदल्याशिवाय न तोडण्याची ताकीद, असे विषय त्यात आले आहेत. शेवटची बाब मला फार मोलाची वाटते, कारण आरमाराची गरज आणि रयतेचा हक्क यांचा मेळ तिथे एकाच हुकुमात घातला आहे. कान्होजी आंग्रे जहाजांना दस्तके देत आणि दस्तक नसलेले गलबत अडवत. इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटले, पण स्वतःही तशीच परवाना पद्धत राबवली. समुद्रावर कोणाचा परवाना चालतो, हाच त्या भांडणाचा गाभा होता, आणि हेडलम समितीच्या दुसऱ्या शिफारशीचाही तोच.

शेजारच्या गुजरातने या बाबतीत आपल्यापुढे पाऊल टाकले आहे. तिथल्या सागरी मंडळाच्या पुढाकाराने २०१७ च्या कायद्यान्वये सागरी विद्यापीठ झाले आणि त्यात सागरी कायदा व धोरण यांच्यासाठी वेगळा विभाग आहे. महाराष्ट्राचे सागरी मंडळ १९९६ पासून आहे. डफरिनच्या वारशाने मुंबई-नवी मुंबईतील परिसर भारतीय सागरी विद्यापीठाकडे आहेत, राष्ट्रीय विधी विद्यापीठ मुंबईत २०१४ पासून आहे, महासंचालनालय तर पहिल्यापासून आहे. या चौघांनी मिळून एक पदविका चालवायला नवी इमारतही लागणार नाही. तिला प्रवेश कोणाला द्यायचा, हा खरा निर्णय आहे, आणि माझे मत स्पष्ट आहे. जहाजावरच्या अधिकाऱ्यांइतकाच हक्क मत्स्य विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला, सागरी पोलिसाला, खलाशी संघटनेच्या कार्यकर्त्याला, मच्छीमार सोसायटीच्या सचिवाला आणि निर्यात करणाऱ्या शेतकरी कंपनीच्या व्यवस्थापकाला असावा. निम्मे शिक्षण मराठीत व्हावे. अभ्यासाला निकाल, करारांचे नमुने आणि चौकशी अहवाल असावेत. केवळ कलमांचे पाठांतर नको.

याची घाई करायला २०२५ साल हे कारण पुरेसे आहे. त्या एका वर्षात संसदेने १८५६ च्या बिल ऑफ लेडिंग कायद्याच्या, १९०८ च्या बंदर कायद्याच्या, १९२५ च्या सागरी मालवाहतूक कायद्याच्या आणि १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी नवे कायदे केले आणि किनारी वाहतुकीसाठी स्वतंत्र कायदा आणला. पण असा कायदा चालतो तो त्याखालच्या नियमांवर, आणि नियमांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होतात, तेव्हा मुदत थोडी असते. जहाजमालकांच्या संघटना त्या मुदतीत कलमवार उत्तरे पाठवतात, कारण त्यांच्याकडे त्यासाठी नेमलेली माणसे आहेत. हर्णै-देवगडच्या मच्छीमार सोसायट्यांकडून आणि पुणे जिल्ह्यातल्या निर्यातदार शेतकरी कंपन्यांकडून तशी उत्तरे जायची असतील, तर ती लिहिणाऱ्यांची पहिली तुकडी २०२७ मध्ये, डफरिनला शंभर वर्षे होतात त्या वर्षी, बसवता येण्यासारखी आहे.